अडतीची वही ते पोर्टल : शेगाव परिसरातील कर सल्ल्याचा इतिहास

शेगाव परिसरात दुसऱ्याच्या वतीने कराचे हिशेब मांडून देण्याचा व्यवसाय कापसाच्या बाजारातून वाढला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वाटेवरच्या शेगावला स्टेशन मिळाले. शेजारच्या खामगावची कापूसपेठ आधीपासून मोठी होती, पण ती मुख्य मार्गापासून बाजूला पडली. जलंबहून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. शेगावचा माल मात्र थेट मुख्य मार्गावर चढत असे. त्यामुळे गावात सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्या आणि गाठी बांधणाऱ्या प्रेस उभ्या राहिल्या. १८८१ मध्ये नगरपालिका झाली. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १५,०५७ होती. १९०५ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात होता. त्या वर्षी खामगाव तालुक्याबरोबर तो बुलढाणा जिल्ह्यात आला.

कापसामागोमाग मारवाडी आणि गुजराती व्यापारी कुटुंबे आली. १८७८ मध्ये गजानन महाराज शेगावात प्रकटले, तेव्हा ते प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडले ते बंकटलाल अगरवाल अशाच एका मारवाडी घराण्यातले होते. या व्यापाऱ्यांनी आपली हिशेबाची रीत सोबत आणली. दिवसाची देवघेव रोजमेळात, व्यक्तीनिहाय खाते खतावणीत, माल आणि वजन वेगळ्या वहीत, आणि हे सारे सांभाळणारा मुनीम. वर्ष दिवाळीला संपे. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होऊन कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून नवे खाते सुरू होई.

बाजारालाही लवकरच शिस्त लागली. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ती पद्धत इतर पेठांना लागू करता येऊ लागली. दलाल आणि मापारी परवानाधारक झाले, बाजार फी ठरली, वजन कागदावर येऊ लागले. व्यापाऱ्याच्या खासगी वहीखेरीज सौद्याचा दुसरा पुरावाही तयार होऊ लागला.

प्राप्तिकर आणि मुनीम

हिंदुस्थानात प्राप्तिकर २४ जुलै १८६० रोजी लागू झाला. १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला होता. १८६५ मध्ये तो थांबला. नंतर परवाना कर आणि पुन्हा प्राप्तिकर अशा फेऱ्या झाल्या आणि १८८६ च्या कायद्याने कर स्थिर झाला. या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले आणि आकारणी जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवली. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने निजामाचाच प्रदेश राहिल्यामुळे मध्यवर्ती कायदे तेथे अधिसूचनेने स्वतंत्रपणे लागू करावे लागत.

शेतीला मिळालेल्या या सुटीतून कर सल्ल्यातला एक जुना प्रश्न उभा राहिला. वऱ्हाडात एकच माणूस जमीन कसत असे, सावकारी करत असे आणि कापसाची अडतही चालवत असे. त्याच्या वहीत तिन्ही गोष्टी एकत्र असत. कराच्या कामासाठी त्या वेगळ्या काढाव्या लागत. स्वतःच्या शेतातला कापूस बोंडातून वेचून विकला तर ते शेतीचे उत्पन्न. तोच कापूस जिनमध्ये नेऊन रुई आणि सरकी वेगळी करून विकली तर? माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सहसा जी प्रक्रिया करतो तेवढीच शेतीत मोडते, असे कायदा सांगतो. कच्च्या कापसाला स्वतःचा बाजार आहे. म्हणून जिनिंगमधून झालेला जादा नफा धंद्याचा ठरण्याची शक्यता मोठी. ही विभागणी कोठे करायची, हा प्रश्न आजही सल्लागारापुढे येतो. १९७२ च्या के. एन. राज समितीनंतर १९७३ च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक पदर जोडला. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण इतर उत्पन्नावरचा दर ठरवताना ते मिळवून धरायचे, अशी पद्धत सुरू झाली.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने व्यवसायाला आकार दिला. करदाता नेहमी जी हिशेबपद्धत वापरतो तिच्यानुसार उत्पन्न मोजावे, असे त्याच्या १३ व्या कलमात होते. त्यामुळे मुनिमाने लिहिलेली वही आकारणीचा पाया बनली. ती विश्वासार्ह वाटली नाही तर अधिकारी आपल्या अंदाजाने उत्पन्न ठरवू शके. म्हणून अधिकाऱ्यापुढे वही घेऊन बसणारा आणि नोंदींचा अर्थ समजावून सांगणारा माणूस महत्त्वाचा झाला. ६१ व्या कलमानुसार सुरुवातीला लेखी अधिकारपत्र असले की कोणीही करदात्याच्या वतीने हजर राहू शके. नंतर या मोकळीकीला मर्यादा घातली गेली: नातेवाईक, नोकर, वकील, लेखापाल आणि ‘इन्कम टॅक्स प्रॅक्टिशनर’. १ एप्रिल १९३८ पूर्वी जे लोक नातेवाईक किंवा नोकर नसताना करदात्यांच्या वतीने हजर राहिले होते त्यांना या शेवटच्या वर्गात जागा मिळाली. अनुभवाच्या जोरावर हे काम करणाऱ्यांना कायद्याने दिलेली ती मान्यता होती. १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा आला आणि त्याच वर्षी १ जुलैला त्यांची संस्था स्थापन झाली. त्यानंतर सनदी लेखापाल, वकील आणि प्रॅक्टिशनर असे तीन वर्ग शेजारी शेजारी काम करू लागले. १९६१ च्या कायद्याच्या २८८ व्या कलमात ही रचना कायम राहिली.

वहीतल्या नोंदीवरून किती दूरवर भांडण जाऊ शकते, हे नागपूरच्या एका खटल्याने दाखवले. सर शंकर माधव चिटणवीस यांच्या सावकारीतील बुडीत कर्जाचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९३२ मध्ये निकाल लागला. कर्ज बुडाले की नाही आणि केव्हा बुडाले, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. ज्या वर्षी ते खरोखर बुडाले त्याच वर्षी वजावट मिळेल, सोयीच्या वर्षी खाते मिटवून चालणार नाही, असे ठरले. कापसाच्या हंगामावर उसनवारी चालणाऱ्या वऱ्हाडात या निकालाचा रोजच्या कामाशी संबंध होता. कुळाची परिस्थिती, फिर्याद, जप्ती यांचे कागद वर्षानुवर्षे जपून ठेवणे सल्लागाराच्या कामात आले. १ एप्रिल १९८९ पासून वहीत कर्ज निर्लेखित करणे पुरेसे ठरले. कर्ज बुडाल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही, यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले.

विक्रीकर वकील

विक्रीवरील कराच्या इतिहासात मध्य प्रांत व वऱ्हाडाचे स्थान आगळे आहे. या प्रांताने १९३८ मध्ये मोटारीच्या इंधनावर आणि वंगणावर विक्रीकर बसवला. तो प्रांताच्या अधिकारात येतो की केंद्राच्या उत्पादन शुल्कात, हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेला. मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या त्या न्यायालयापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण. निकाल प्रांताच्या बाजूने लागला आणि विक्रीकराचा रस्ता मोकळा झाला. पुढे १९४७ चा मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा आला.

हा कायदा कापूसबाजाराला थेट भिडला. वऱ्हाडातून रुईच्या गाठी मुंबईला जात आणि तिकडे विकल्या जात. मग विक्री कोठे झाली? करार झाला त्या वेळी माल प्रांतात असला तर विक्री प्रांतातच झाली असे मानावे, अशी तरतूद कायद्याच्या एका स्पष्टीकरणात होती. १९५४ मध्ये हिम्मतलाल हरिलाल मेहता विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या कापूस व्यापाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टीकरण घटनाबाह्य ठरवले. बेकायदा कराच्या वसुलीची धमकी हाच व्यवसायस्वातंत्र्यावर घाला आहे आणि त्याविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जाता येते, असेही त्यात ठरले. पुढे घटनादुरुस्ती झाली आणि १९५६ चा केंद्रीय विक्रीकर कायदा आला. त्यात कापूस, मग तो सरकी काढलेला असो वा नसो, विशेष महत्त्वाच्या वस्तूंमध्ये गेला. राज्यांच्या करावर त्यामुळे मर्यादा आल्या.

कापूस आणि सरकी एकच माल की दोन? हा प्रश्न १९६९ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जिनिंगनंतर निघणारी सरकी ही वेगळी व्यापारी वस्तू आहे, असा निर्णय झाला. करपात्र खरेदीच्या रकमेतून सरकीची विक्री वजा करण्याचा जिनवाल्यांचा प्रयत्न त्यामुळे फसला.

राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ जानेवारी १९६० पासून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ लागू होऊन जुना वऱ्हाडी कायदा रद्द झाला. एकाच व्यापाऱ्याचे जुने खटले एका कायद्याखाली आणि नवी विवरणपत्रे दुसऱ्या कायद्याखाली चालू राहिली. नव्या कायद्यातही विक्रीकर प्रॅक्टिशनरला मान्यता होती. बाजारात त्याला ‘विक्रीकर वकील’ म्हणत, मग त्याने वकिलीची परीक्षा दिलेली असो वा नसो. त्याचे काम ठरलेले असे: नोंदणी करून देणे, तिमाही विवरणपत्र भरणे, बाहेरच्या व्यापाऱ्यांकडून ‘सी’ फॉर्म मिळवणे आणि असेसमेंटच्या तारखेला वह्यांचे गाठोडे घेऊन खामगाव किंवा अकोल्याच्या कार्यालयात हजर राहणे.

१९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने सल्लागाराच्या ग्राहकवर्गाचा कणा बदलला. शेतकऱ्याचा कापूस राज्याच्या यंत्रणेनेच घ्यायचा, असे ठरल्यावर खासगी खरेदीदारांचे क्षेत्र आकसले. अडत धान्य, डाळी आणि तेलबियांकडे वळली. सल्लागाराकडे किराणा, कापड, औषधे, खते-बियाणे यांचे दुकानदार जास्त दिसू लागले.

कच्चा अडत्या, पक्का अडत्या

१९८४-८५ च्या सुमारास कर लेखापरीक्षण आले. ४४एबी या कलमानुसार वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण सक्तीचे झाले. अडत्याची उलाढाल कोणती धरायची? शेतकऱ्याचा माल त्याच्यामार्फत विकला जातो, पण त्याची कमाई अडतीपुरतीच. १७ मार्च १९८६ च्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बाजारातलाच भेद मान्य केला. कच्चा अडत्या दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या जोखमीवर विकतो. त्याची उलाढाल म्हणजे त्याला मिळालेली अडत. पक्का अडत्या स्वतः खरेदीदार किंवा विक्रेता म्हणून जबाबदारी घेतो. त्याची उलाढाल म्हणजे मालाची संपूर्ण किंमत. एकाच पेढीवर दोन्ही प्रकारचे सौदे चालत असल्याने सल्लागाराला सौदापट्टी, बिल कोणाच्या नावाने फाडले आणि भावातला फरक कोणी सोसला, हे तपासावे लागते. वस्तू व सेवा करातही हाच भेद नव्या रूपात आला. ४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार मालाचे बिल एजंटाच्या नावाने होते की मालकाच्या, यावर त्याची करदेयता ठरते.

रोखीचा प्रश्नही बाजारातलाच. १९६८ मध्ये आलेल्या ४०ए(३) कलमाने ठरावीक रकमेवरचा रोख खर्च अमान्य होऊ लागला. मर्यादा सुरुवातीला २,५०० रुपये होती, आता ती १०,००० आहे. शेतमाल पिकवणाऱ्यालाच पैसे दिले तर नियम ६डीडी सूट देतो; तोच माल मधल्या व्यापाऱ्याकडून घेतला तर सूट नाही. म्हणून पावतीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव लिहिण्यासाठी सल्लागार आग्रही असतो. २०१९ मध्ये बँकेतून वर्षाला एक कोटीपेक्षा जास्त रोख काढण्यावर करकपात आली, तेव्हाही शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या बाजार समितीतील अडत्यांना अधिसूचनेने वगळावे लागले.

हिशेबाच्या वर्षाचा बदल मात्र सर्वांना सारखाच लागला. १९८९-९० या आकारणी वर्षापासून ३१ मार्च हाच वर्षअखेरीचा दिवस सक्तीचा झाला. दिवाळीचे वर्ष पाळणाऱ्या पेढ्यांना १९८७ च्या दिवाळीनंतर ३१ मार्च १९८९ पर्यंत सुमारे १७ महिन्यांचा एक हिशेब मांडावा लागला. त्या लांबलेल्या उत्पन्नामुळे दर चढू नये म्हणून कायद्याला दहावी अनुसूची जोडली गेली. वहीपूजन दिवाळीला चालू राहिले, पण करासाठी नवी वही एप्रिलमध्ये उघडू लागली.

तीर्थक्षेत्रातले प्रश्न

शेगावातला दुसरा मोठा ग्राहकवर्ग यात्रेशी निगडित आहे. गजानन महाराज संस्थानची स्थापना १९०८ मध्ये झाली आणि १९१० मध्ये महाराजांनी समाधी घेतल्यावर गावात येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. लॉज, खानावळी, पेढ्यांची आणि पूजासाहित्याची दुकाने, स्टेशनवरून प्रसिद्ध झालेली शेगाव कचोरी यांचे अर्थकारण त्यावर उभे राहिले. यातून आलेले कराचे प्रश्न कापूसपेठेत नव्हते.

मंदिराने दिलेल्या प्रसादावर वस्तू व सेवा कर नाही. समोरच्या दुकानातून विकत घेतलेला पेढा मिठाई म्हणून करपात्र आहे. लॉजची १,००० रुपयांपर्यंतची खोली १८ जुलै २०२२ पर्यंत करमुक्त होती. त्या दिवसापासून तिच्यावर १२ टक्के कर आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के झाला, इनपुट क्रेडिटशिवाय. नोंदणीकृत धार्मिक न्यासाने आपल्या परिसरात दिलेल्या १,००० रुपयांखालील खोलीची सूट मात्र कायम राहिली. ‘परिसर’ म्हणजे आवाराच्या भिंतीच्या आतच का, यावर २०२२ मध्ये अमृतसरच्या सरायांवरून वाद झाला. भिंतीबाहेरच्या सरायांनाही सूट मिळू शकते, असा खुलासा केंद्रीय मंडळाने ऑगस्टमध्ये केला.

न्यासांच्या प्राप्तिकरात दानपेटीचा प्रश्न नाजूक असतो. १ एप्रिल २००७ पासून निनावी देणग्यांवर ३० टक्के कर लावणारे ११५बीबीसी हे कलम आले. केवळ धार्मिक न्यासाला ते लागू नाही. धार्मिक व धर्मादाय अशा दोन्ही हेतूंच्या न्यासालाही सामान्यतः लागू नाही. पण निनावी दान एखाद्या शाळेसाठी, महाविद्यालयासाठी किंवा रुग्णालयासाठी असे स्पष्ट सांगून दिले तर लागते. म्हणून अशा न्यासांचे सल्लागार पेट्या आणि पावतीपुस्तके हेतूनुसार वेगळी ठेवायला सांगतात. देणगीदाराला वजावट हवी असेल तर २०२१-२२ पासून न्यासाने फॉर्म १०बीडी मध्ये त्याचा तपशील भरून प्रमाणपत्र द्यावे लागते. २,००० रुपयांवरचे रोख दान त्या वजावटीत बसत नाही.

संगणक आणि पोर्टल

प्राप्तिकर विभागाने १९८१ मध्ये संगणकीकरणासाठी स्वतंत्र संचालनालय काढले आणि १९८४-८५ मध्ये महानगरांतील तीन केंद्रांवर चलनांची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये गोयंका पिता-पुत्रांनी सुरू केलेल्या कंपनीतून पुढे ‘टॅली’ घडले. मुनिमाची एक नोंद यात रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद या तिन्हींत आपोआप पोहोचत असे. विवरणपत्रांची आकडेमोड करणारी सॉफ्टवेअरे जयपूर, मंगळुरू अशा शहरांतील कंपन्यांनी बनवली. कायद्यात दरवर्षी होणाऱ्या बदलांप्रमाणे त्यांची नवी आवृत्ती घ्यावी लागे. त्यामुळे वार्षिक वर्गणी हा कार्यालयाचा ठरलेला खर्च झाला.

१ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर आला. खरेदीवरचा कर वजा मिळू लागल्याने विक्रेत्याने तो भरला का, हे महत्त्वाचे झाले. मोठ्या व्यापाऱ्यांच्या ७०४ क्रमांकाच्या लेखापरीक्षण अहवालात खरेदी-विक्रीच्या पक्षनिहाय याद्या जोडाव्या लागत. विभाग त्या एकमेकींशी ताडून पाहू लागला आणि ‘मिसमॅच’ हा शब्द बाजारात रुळला. त्याच सुमारास प्राप्तिकराची ऑनलाइन विवरणपत्रे कंपन्यांना, मग लेखापरीक्षण लागणाऱ्या पेढ्यांना आणि २०१२ नंतर वरच्या उत्पन्नाच्या व्यक्तींना सक्तीची झाली. २००६ च्या टॅक्स रिटर्न प्रिपेअरर योजनेत पदवीधर तरुणांना प्रशिक्षण देऊन लहान करदात्यांची विवरणपत्रे भरण्याचे काम सोपवले गेले. २००९ मध्ये बंगळुरूचे प्रक्रिया केंद्र सुरू झाल्यावर साध्या विवरणपत्रासाठी खामगावच्या अधिकाऱ्यापुढे जाण्याचे कारण उरले नाही.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. विक्रेत्याची आणि खरेदीदाराची विवरणपत्रे आपोआप जुळवणारी मूळ योजना चार-पाच महिन्यांतच बाजूला ठेवावी लागली आणि जुळणीचे काम सल्लागाराच्या एक्सेलमध्ये येऊन पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पोर्टलवर न दिसणारे क्रेडिट २० टक्क्यांपर्यंत घेता येत होते. ही सवलत १० आणि ५ टक्के होत १ जानेवारी २०२२ पासून संपली. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या २बी या महिन्याच्या स्थिर पत्रकाने मात्र काम सुकर केले. त्याआधीच्या २ए मधले आकडे विक्रेत्याच्या उशिरा भरण्याबरोबर बदलत राहत. खरेदीची वही आणि २बी आपोआप ताडून न जुळणारी बिले वेगळी काढणे, ही सॉफ्टवेअर कंपन्यांची मुख्य सुधारणा ठरली.

कापसाचा प्रश्न येथेही वेगळा राहिला. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने ५ टक्के कर उलट आकारणीने स्वतः भरायचा आहे. ही खरेदी कोणाच्याही विक्रीपत्रकातून पोर्टलवर येत नाही. ती हाताने नोंदवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये खरेदीचा प्रकार चुकीचा निवडला तर कर चुकतो आणि क्रेडिटही.

७ जून २०२१ रोजी प्राप्तिकराचे नवे पोर्टल सुरू झाले आणि महिनोन्‌महिने अडखळत राहिले. त्या वर्षीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. बँक व्याज, शेअर, जमिनीचे व्यवहार एकत्र दाखवणारे वार्षिक माहितीपत्रक त्याच वर्षाच्या अखेरीस आले. आता आकडे बहुतांशी आधीच भरलेले येतात. जमीन कुटुंबाची असून व्यवहार एकाच भावाच्या नावावर दिसतो, ठेवीत शेतमालाचे पैसे असतात, अडतीची संपूर्ण विक्री उलाढाल म्हणून दिसते, अशा ठिकाणी आकड्यामागचा व्यवहार ओळखून तो योग्य सदरात घालणे हे काम सल्लागाराकडे राहिले आहे. १८८६ मध्ये शेती, सावकारी आणि अडत वेगळी काढणाऱ्याचे काम याच जातीचे होते.

प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा कायदा आहे. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येते आणि कलमांचे क्रमांक बदलतात. विवरणपत्रांचे नमुने आणि सॉफ्टवेअर त्यानुसार बदलतील. जुन्या वर्षांची प्रकरणे मात्र १९६० प्रमाणेच जुन्या कायद्याखाली पुढे चालतील.